बारा राशी, एक सूत्रधार आणि मोहन गोखले

रात्रीची मेस आटोपली आणि दुसऱ्या दिवशी व्हायव्हा नसला, की हॉस्टेलच्या गच्चीवर एक विषय हमखास निघतो. आजवर पाहिलेली सगळ्यात विचित्र मालिका कोणती? कुणी 'ट्विन पीक्स'चं नाव घेतो. ती अमेरिकेत १९९० साली लागली. तिच्यात एक बाई लाकडाचा ओंडका तान्ह्या पोरासारखा घेऊन फिरते आणि तपास करणारा अधिकारी स्वप्नात दिसलेल्या गोष्टींवरून खुनी शोधतो. कुणी जर्मन 'डार्क'मधली घराणी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवतो. आमच्या मेकॅनिकलच्या एकाने तर त्यासाठी ड्रॉइंग शीट वापरली होती! मी मात्र दूरदर्शनचं नाव घेतो, आणि सगळे हसतात.

हसू द्या. 'ट्विन पीक्स'च्याही आधी, १९८८-८९ मध्ये, आपल्या दूरदर्शनवर 'मिस्टर योगी' नावाची १३ भागांची एक हिंदी मालिका होऊन गेली. तिच्यात भूत नव्हतं, खून नव्हता, दुसऱ्या ग्रहावरचं कुणी आलं नव्हतं. होता फक्त एक लग्नाळू मुलगा. पण ती ज्या पद्धतीने सांगितली होती, ती पद्धत आजही चक्रावून टाकते. आणि तिच्यातला तो लग्नाळू गुजराती पटेल झाला होता एक मराठी माणूस, मोहन गोखले. त्यांच्या पत्नी शुभांगी गोखले, माहेरच्या सांगवई, यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या खामगावचा. म्हणजे नातं तसं जवळचंच निघालं की नाही?

मोहन गोखले हे नाव घेतलं की आजकाल समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडा गोंधळ दिसतो. विक्रम गोखले म्हणायचंय का? मोहन जोशी? मोहन आगाशे? मराठीत ही नावं इतकी जवळजवळ आहेत की ऐकणाऱ्याचं मन आपोआप ओळखीच्या नावावर जाऊन थांबतं. यात ऐकणाऱ्याचा फारसा दोष नाही. गोखल्यांची कामंच अशी होती की पाहणाऱ्याला माणूस आठवायचा, नट आठवायचा नाही. १९५३ साली जन्मलेला, मराठी रंगभूमीवरून आलेला हा नट ऐन कामाच्या भरात १९९९ साली गेला. त्याला आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आज हॉस्टेलवर राहणारे आपण बहुतेक सगळे त्यानंतर जन्मलेले. त्यामुळे ही ओळख करून देणं मला गरजेचं वाटलं.

१९८० हे साल त्यांच्या चित्रपटाच्या वाटचालीत महत्त्वाचं. त्या वर्षी ते दोन वेगळ्याच चित्रपटांत दिसले. एक सई परांजपे यांचा 'स्पर्श'. अंध मुलांच्या शाळेत घडणारा, नसीरुद्दीन शाह आणि शबाना आझमी यांचा. त्यात गोखल्यांचं काम छोटं. दुसरा केतन मेहता यांचा 'भवनी भवाई'. हा गुजराती, आणि यात मात्र गोखल्यांचा जीवो हाच गोष्टीचा गाभा.

'भवनी भवाई'बद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण 'मिस्टर योगी'चं सगळं मूळ माझ्या मते इथे आहे. भवाई म्हणजे गुजरातचं लोकनाट्य. आपल्याकडे तमाशात जसा सोंगाड्या, तसा तिथे रंगला. गाणी, विनोद, मध्येच प्रेक्षकांशी गप्पा, मध्येच राजावर टोमणा. केतन मेहता पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले. त्यांनी आपला हा पहिलाच मोठा चित्रपट भवाईच्या रीतीने बांधला आणि अर्पण केला तीन जणांना. एक भवाईचा जनक मानला जाणारा असाइत ठाकर, दुसरा जर्मन नाटककार ब्रेख्त आणि तिसरा ॲस्टेरिक्सच्या चित्रकथा लिहिणारा गोसिनी! लोकनाट्य, राजकीय नाटक आणि कॉमिक्स. या तिघांना एका ओळीत बसवणारा दिग्दर्शक काय करू शकेल याचा अंदाज तिथेच येतो.

गोष्ट अशी. एका राजाच्या दोन राण्या. मोठ्या राणीला मुलगा होतो. धाकटी ज्योतिषाला हाताशी धरून राजाच्या मनात भरवते की हे मूल अशुभ आहे. मारायला नेलेलं बाळ मारलं जात नाही, पेटीत घालून नदीत सोडलं जातं, आणि ते सापडतं मालो नावाच्या अस्पृश्य माणसाला. हा मालो म्हणजे ओम पुरी. बाळाचा होतो जीवो. राजाला (हे नसीरुद्दीन शाह) पुढे वारस होत नाही. मग पुन्हा ज्योतिषी, पुन्हा उपाय. एक भव्य वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, खोदली जाते. पाणी लागत नाही. ज्योतिषी सांगतो, बत्तीस लक्षणांचा पुरुष बळी द्या. आणि तो पुरुष नेमका निघतो जीवो.

त्या राज्यात अस्पृश्यांना पाठीला झाडू आणि गळ्यात गाडगं बांधून फिरावं लागतं. पावलांचा ठसा पुसला जावा, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. हे गुजरातेतल्या गोष्टीतलं झालं, पण पेशवाईतल्या पुण्याबद्दल आपण हेच वाचलेलं आहे. जीवो बळी जायला तयार होतो तो एका अटीवर : आधी ही झाडू आणि हे गाडगं काढा. गोखल्यांचा जीवो इथे छाती पुढे काढणारा नायक नाही. तो चलाख आहे, घाबरलेलाही आहे, आणि आपल्या जिवाची किंमत आता राजाला कळली आहे हे ओळखून तो भाव ठरवतोय. घासाघीस करणारा हुतात्मा! मला तरी हिंदी-मराठीत असा दुसरा आठवत नाही.

शेवट तर दोन आहेत. गोष्ट सांगणारा म्हातारा गोड शेवट सांगतो : बाप-लेकाची ओळख पटते, पाणी येतं, सगळे आनंदात. पण तो शेवट टिकत नाही. लगेच दुसरा समोर येतो, त्यात रक्त सांडतं. यातला खरा कोणता हे ज्याने-त्याने आपलं ठरवायचं. १९८० साली, एका प्रादेशिक चित्रपटात, हे धाडस. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला हे मुद्दाम नोंदवतो. ज्यांना तो परीक्षेला विचारल्यासारखा जड वाटेल त्यांनी घाबरू नये. दोन घटका हसू येतं, मग ते घशात अडकतं.

पुढे १९८७ मध्ये 'मिर्च मसाला'. दिग्दर्शक पुन्हा केतन मेहता. हा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, निदान शेवटचा प्रसंग तरी : मिरची कुटणाऱ्या बायका, कारखान्याचं तुटलेलं दार, आणि सुभेदाराच्या डोळ्यांत उडालेली लाल पूड. आमच्या भागात ज्याने एकदा तरी मिरचीची पोती हलवली आहेत त्याला त्या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. स्मिता पाटील त्यात सोनबाई आहेत. चित्रपट लागण्याआधीच, १३ डिसेंबर १९८६ ला, त्या गेल्या. गोखले यात मुखीचा धाकटा भाऊ आहेत. गावातल्या एका मुलीवर जीव लावून बसलेला, मोठ्या भावाच्या धाकापुढे काही न चालणारा. काम तसं लहान. दरवाज्याशी शेवटपर्यंत उभा राहणारा म्हातारा चौकीदार पुन्हा ओम पुरीच. ही जोडी लक्षात ठेवा.

आता 'मिस्टर योगी'कडे येतो. मला हिचा पत्ता कसा लागला ते आधी सांगतो. गॅदरिंगसाठी आम्ही एक एकांकिका बसवत होतो आणि तिच्यातल्या सूत्रधाराचं काय करावं हे कुणाला कळत नव्हतं. तो यायचा, चार वाक्यं बोलायचा आणि जायचा. नोटीस बोर्डाला पाय फुटल्यासारखा. आमची तालीम लॅबशेजारच्या हॉलमध्ये चालायची. तिथे कुलूप लावायला थांबलेले लॅबचे काका दोन दिवस गप्प बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. सूत्रधार पाहायचा तर ओम पुरीचा पाहा, मिस्टर योगीमधला, असं त्यांनी सांगितलं आणि कुलूप लावून निघून गेले. त्या रात्री आम्ही चौघांनी एका लॅपटॉपवर तीन भाग पाहिले. एकांकिका बाजूलाच राहिली.

मालिकेचं मूळ आहे गुजराती लेखक मधु राय यांची 'किम्बल रेवन्सवुड' ही कादंबरी, १९८१ सालची. नायक योगेश ईश्वरलाल पटेल. अमेरिकेत गेल्यावर तो झाला वाय. आय. पटेल, आणि त्या आद्याक्षरांतून मिस्टर योगी. थोड्या दिवसांच्या रजेवर तो भारतात येतो, बायको शोधायला. मुली शेकड्याने सांगून आलेल्या. सगळ्या पाहणं शक्य नाही. मग हा पठ्ठ्या युक्ती काढतो : राशी बारा, तर प्रत्येक राशीची एकेक मुलगी पाहायची. मेष ते मीन. त्यातून एक निवडायची, लग्न करायचं आणि विमानात बसायचं.

हे ऐकून आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी हसण्याआधी एक क्षण विचार करावा. पद्धत म्हणून यात चूक काय आहे? लोकसंख्या मोठी, वेळ मर्यादित. मग गट पाडा, प्रत्येक गटातून एक नमुना घ्या. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात हे उत्तर लिहिलं तर मार्क मिळतील. गोची एवढीच की गट ज्या पायावर पाडले तो पायाच पोकळ. तर्क अगदी शुद्ध आणि सुरुवात अगदी वेडगळ, या दोन्हींच्या मिश्रणातूनच मालिकेचा सगळा विचित्रपणा जन्माला येतो. स्वप्नात असंच होतं ना? आत असताना सगळं सुसंगत वाटतं.

आणि मग तो सूत्रधार. ओम पुरी पडद्यावर येतात आणि आपल्याला योगीबद्दल सांगू लागतात. इथवर ठीक. पण हा सूत्रधार योगीलाही दिसतो! दोघे बोलतात, वाद घालतात. त्याच्या मनात काय चाललंय ते हा आपल्याला सांगून टाकतो, आणि योगीची पंचाईत होते. गोष्टीतल्या माणसाला आपण गोष्टीत आहोत हे कळणं, आणि तरीही त्याला तिच्यातून बाहेर पडता न येणं, हा प्रकार त्या काळच्या घराघरांत कसा पाहिला गेला असेल याचा मी बराच विचार केला.

कारण काळ लक्षात घ्या. ऑक्टोबर १९८८ पासून रविवारी सकाळी 'महाभारत' सुरू झालं होतं. त्यालाही सूत्रधार होता : समय. फिरणारं चक्र, हरीश भिमाणी यांचा घनगंभीर आवाज, शरीर नाही. तो कधी चुकत नाही, त्याला कुणी उलट विचारत नाही. आणि त्याच सुमारास त्याच दूरदर्शनवर हा दुसरा सूत्रधार, देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याचा, मिश्कील, ज्याला नायक चक्क झिडकारू शकतो. एकाला लोक हात जोडत होते. दुसऱ्याशी भांडता येत होतं. माझी आवड कुठली ते सांगायला नकोच.

ओम पुरी यांचं काम सगळ्यांना आठवतं. पण पुन्हा पाहताना माझ्या लक्षात आलं की ही करामत उभी आहे ती गोखल्यांच्या जोरावर. सूत्रधाराला फक्त बोलायचं असतं. योगीला मात्र एकाच वेळी तीन ठिकाणी राहायचं असतं : समोर बसलेल्या मुलीशी, मागे उभ्या असलेल्या नातेवाइकांशी, आणि इतर कुणालाही न दिसणाऱ्या त्या माणसाशी. यातलं एक जरी खोटं वाटलं तर सगळाच डोलारा कोसळला असता. गोखले ते करतात डोळ्यांनी. डोळे किंचित बाजूला वळतात, चेहऱ्यावर वैताग येतो आणि पुढच्याच क्षणी मुलीकडे पाहून तेच ते शहाण्या मुलाचं हसू. अंगाने किरकोळ, चेहरा साधा, आवाज कधीच चढा नाही. अमेरिकेची ऐट आणायचा प्रयत्न करणारा, पण आतून पुरता गोंधळलेला. पाहताना त्याचा राग येतो, मग कीव येते, आणि मग हळूच लक्षात येतं की हा आपल्या ओळखीचा आहे.

ओळखीचा म्हणजे कसा, तर आपल्याच वसतिगृहातून गेलेल्या अनेकांसारखा. सिनिअर्स अमेरिकेला जातात, तीन आठवड्यांची रजा काढून येतात, शनिवार-रविवारी कांदेपोह्यांचे कार्यक्रम लागतात, आणि सोमवारी निर्णय द्यायचा असतो. १९८१ साली मधु राय यांनी लिहिलेली गोष्ट आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजही चालू आहे, फक्त राशीच्या जागी आता वेबसाइटवरचे फिल्टर आले. मुलींच्या बाजूने पाहिलं तर ती आणखी बोचते. बारा जणी नटूनथटून समोर येतात आणि त्यातल्या अकरा नाकारल्या जाणार हे आधीच ठरलेलं असतं. मालिका विनोदी आहे, पण हे ती विसरू देत नाही.

इथे 'भवनी भवाई' आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे ज्योतिषाच्या शब्दावर बळी निवडला जातो, इथे वधू. तिथे गोखले निवडले जातात, इथे निवडतात. दिग्दर्शक तोच, समोर ओम पुरीही तेच. तिथे बाप झालेले, इथे कान पकडणारा सूत्रधार. मुद्दाम केलेली जुळणी असेल की योगायोग, पण एकामागून एक पाहिल्या तर दोन्ही एकाच कापडाच्या वाटतात.

याच गोष्टीवर आशुतोष गोवारीकर यांनी २००९ मध्ये 'व्हॉट्स युअर राशी?' काढला. गोवारीकर म्हणजे केतन मेहतांच्याच 'होली'मधून (१९८४) पडद्यावर आलेला मुलगा. 'होली' ही विदर्भाचे महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरची, कॉलेज आणि हॉस्टेलमध्येच घडणारी, आणि हॉस्टेलवर एकट्याने पाहू नये अशी. पण तो वेगळा विषय. नव्या चित्रपटात बाराही मुली प्रियांका चोप्रा यांनीच केल्या, साडेतीन तास आणि तेरा गाणी. मेहनत दिसते. पण बारा सोंगं वठवण्याचं कौतुक पाहताना पाहणाऱ्या त्या मुलाकडे लक्षच जात नाही, आणि गोष्ट तर त्याची आहे. गोखले नसले की काय होतं ते तिथे कळतं.

'मिस्टर योगी'नंतर गोखल्यांना अशा कामांचा ओघ लागायला हवा होता. तसं झालं नाही. पण एक चमत्कारिक चित्रपट मात्र त्यांच्या वाट्याला आला, तो म्हणजे संजीव शाह यांचा १९९२ चा 'हूं हुंशी हुंशीलाल'. पुन्हा गुजराती, आणि गाण्यांनी खच्चून भरलेला. खोजपुरी नावाचं राज्य, डासांनी हैराण झालेलं. राजाचं नाव भद्रभूप, आणि हा राजा म्हणजे मोहन गोखले. डास मारण्यासाठी प्रयोगशाळा. तिथे दाखल झालेला भोळा शास्त्रज्ञ हुंशीलाल. त्याला कांद्यापासून औषध सापडतं. या हुंशीलालची भूमिका कुणी केली असेल? दिलीप जोशी! होय, आपल्या मेसच्या टीव्हीवर रोज दिसणारे जेठालाल. सोबत रेणुका शहाणे. डास म्हणजे नेमकं कोण, आणि राजाला कुणाचा चावा झोंबतोय, हे हळूहळू उलगडत जातं. बाराव्या मिनिटाला आमच्यातला एक जण उठून गेला आणि बाकीच्यांनी तो दोनदा पाहिला. असा तो चित्रपट आहे.

अस्पृश्याच्या घरी वाढलेला राजपुत्र, बायको शोधणारा अनिवासी पटेल, डासांना घाबरणारा राजा. तिन्ही गुजराती मातीतले. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीच्या भाषेत वाढलेल्या नटाला त्या भाषेने आपलं मानलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे भाषेवरून भांडणं पुष्कळ होतात. इथे एका कोकणस्थ आडनावाचा माणूस बिनदिक्कत पटेल होऊन गेला आणि कुणाला खटकलंही नाही.

यानंतरची गोष्ट सांगताना मात्र माझा हात जरा जड होतो.

डॉ. जब्बार पटेल यांनी केंद्र आणि महाराष्ट्र सरकारच्या साहाय्याने 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट केला. बाबासाहेब झाले मामुट्टी. त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गांधीजींच्या भूमिकेसाठी निवड झाली मोहन गोखले यांची. ही भूमिका म्हणजे काट्यावरची कसरत. बाबासाहेबांच्या आयुष्यातले गांधीजी म्हणजे नोटेवरचे हसरे आजोबा नव्हेत. १९३२ चा पुणे करार, येरवड्याचं उपोषण, आणि एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी आपल्या लोकांच्या हक्कावर पाणी सोडायचं की नाही हा बाबासाहेबांपुढचा प्रश्न. गांधीजींना संत दाखवलं तर बाबासाहेबांवर अन्याय, खलनायक दाखवलं तर इतिहासावर. गोखल्यांचे गांधी शांत आहेत, हट्टी आहेत, आणि आपलंच खरं आहे याबद्दल त्यांना जराही शंका नाही. त्या शांतपणाचीच समोरच्याला चीड यावी. जीवोची झाडू आणि गाडगं ज्याने अंगावर वागवलं, तोच नट वीस वर्षांनी या बाजूला बसला होता. आमच्याकडे १४ एप्रिलच्या आसपास हा चित्रपट अनेक ठिकाणी दाखवला जातो. माझ्या शेजारी बसून तो पाहणाऱ्या कुणालाही आजवर गांधींचं काम कुणी केलंय हे सांगता आलेलं नाही.

तो चित्रपटगृहांत लागला २००० साली. तोवर गोखले राहिले नव्हते.

१९९९ मध्ये कमल हासन 'हे राम' करत होते. फाळणीचे दंगे, त्यात बायको गमावलेला साकेत राम, आणि त्याच्या हाती पिस्तूल देऊ पाहणारे लोक. त्या लोकांपैकी सर्वांत प्रखर म्हणजे श्रीराम अभ्यंकर, महाराष्ट्रीय, गांधीजींचा वध हेच ज्याचं ध्येय. ही भूमिका आली मोहन गोखले यांच्याकडे. आधीच्या चित्रपटात गांधी, आणि आता गांधींना मारू पाहणारा! नटाच्या आयुष्यात यापेक्षा लांबची उडी कोणती असेल? या 'हे राम'मध्ये गांधीजी होते नसीरुद्दीन शाह, म्हणजे एकेकाळी जीवोला बळी द्यायला निघालेला राजा.

त्या कामासाठी ते चेन्नईला गेले होते. तिथेच २९ एप्रिल १९९९ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय ४५.

अभ्यंकरची भूमिका मग अतुल कुलकर्णी यांनी केली. तेव्हा ते फारसे माहीत नव्हते. 'हे राम' फेब्रुवारी २००० मध्ये लागला आणि त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण चित्रपटात एक गोष्ट आहे. हा अभ्यंकर अपघातानंतर अंथरुणाला खिळतो, आपल्या हातून आता काम होणार नाही हे त्याला कळतं, आणि अर्धवट राहिलेलं काम तो दुसऱ्याच्या हाती सोपवतो. तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा पाहताना मी मध्येच बंद केला.

चेन्नईहून बातमी आली तेव्हा त्यांची मुलगी सखी लहान होती. शुभांगीताईंनी मुलीला वाढवलं, आणि पुढे २००९ पासून 'लापतागंज'मधली मिश्री मौसी म्हणून त्या हिंदी घरांतही पोचल्या. मराठीत तर 'काहे दिया परदेस'मुळे आमच्या आईच्या पिढीला त्या घरच्याच वाटतात. सखी गोखले म्हणजे 'दिल दोस्ती दुनियादारी'मधली (२०१५) रेश्मा. आमच्या विंगमध्ये त्या मालिकेचे भाग तोंडपाठ असलेले निदान चार जण आहेत. त्यांना मी रेश्माच्या वडिलांबद्दल सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न आला की ते विक्रम गोखले का.

'मिस्टर योगी'चे भाग इंटरनेटवर शोधले तर सापडतात. चित्र घासलेलं आहे, कुणीतरी जुन्या टेपवरून उतरवलेलं असावं, आणि आवाज मधूनमधून खाली जातो. हेडफोन लावूनच पाहा. वायफाय रात्री अकरानंतर बरं चालतं. लॅबच्या काकांनाही एकदा बोलवायचं ठरलंय. त्यांना मधले दोन-तीन भाग तेव्हा लाइट गेल्यामुळे पाहायला मिळाले नव्हते.